अंधांचें घर व अंधांचीं अक्षरें

महोत्सवाच्या अशा पुस्तकांत देवळाचा, शाळेचा व संघमंडळांचा वृत्तांत येतो हें योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती लोकांच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, तें मोठ्या घटनांच्या गर्दींत नेहमीं मागें पडतें. म्हणून तें मुद्दाम येथें मांडावयाचें योजिलें आहे. तें अंधांचें प्रकरण होय. अंधांस भाकर कोणीं दिली व निवारा कोणीं दिला हें पुष्कळांस ठाऊक असतें. अंधांच्या हातीं अक्षर कसें आलें, आणि त्या अक्षरास भल्या व शहाण्या डोळस माणसांनींच कसा अडथळा केला, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

मार्काच्या शुभवर्तमानांत यरीहो नगराबाहेर वाटेवर बसून भीक मागणाऱ्या बार्तीमयाची हकीकत आपण वर्षानुवर्षें ऐकत आलों आहों. त्याचें ओरडणें ऐकून लोक त्यास दटावूं लागले; पण प्रभूनें थांबून त्यास जवळ बोलाविलें व तुला काय पाहिजे असें विचारलें. ज्यास दृष्टि नाहीं त्यास काय पाहिजे हें वाटेवरच्या कोणासहि सांगतां आलें असतें. तरी विचारलें त्यासच. हा प्रश्न ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी. कारण पुढील अनेक शतकें लोकांनीं अंधांस पुष्कळ कांहीं दिलें, पण हा प्रश्न त्यांस क्वचितच विचारला.

फ्रान्सचा राजा नववा लुई, ज्यास १२९७ सालीं संतपद मिळालें, त्यानें सुमारें १२६० सालीं पॅरिस शहरांत अंधांकरितां एक घर बांधिलें. त्यांत तीनशें जणांची सोय होती. त्या काळीं तिकडे विसांनीं मोजण्याची रीत होती; आपल्याकडे बाजारहाट करणाऱ्या जुन्या बाया चार विसा, पांच विसा असें मोजीत, तशीच. तीनशें म्हणजे पंधरा विसा. म्हणून त्या घराचें नांवच 'कँझ-व्हँ', म्हणजे 'पंधरा विसा', असें पडलें, आणि तें आजतागायत कायम आहे. ह्या तीनशेंविषयीं एक दंतकथा मागाहून प्रचारांत आली. धर्मयुद्धांत शत्रूनें डोळे काढलेल्या तीनशें सरदारांकरितां राजानें हें घर बांधिलें, अशी ती कथा. ती खरी मानण्यास आधार नाहीं. घर बांधिलें तें पॅरिसच्या गरीब अंधांकरितां. सरदारांची भर लोकांनीं घातली. गरीब अंधाकरितां राजा घर बांधील ही गोष्ट लोकांस पुरेशी भव्य वाटली नसावी!

त्या घराची व्यवस्था पाहिली तर आजहि आश्चर्य वाटतें. तेथें राहणारे एकमेकांस बंधु व भगिनी म्हणत. अंधांबरोबर कांहीं डोळस माणसेंहि सभासद म्हणून तेथें राहात, आणि घराच्या कारभाराचा विचार सर्व मिळून सभेंत करीत. संसारी माणसांसहि तेथें जागा होती. घरास स्वतःचें देऊळ होतें. पण भाकरीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. हे बंधु शहरांत व देवळांच्या दारीं भिक्षा मागत, आणि ते राजाच्या घरचे आहेत हें कळावें म्हणून फिलिप राजानें १३१२ सालीं त्यांस अंगरख्यावर कमलपुष्पाचें राजचिन्ह लावण्याची मुभा दिली. अंगावर राजचिन्ह व हातांत कटोरा, अशी ती स्थिति होती. संत लुई राजानें जें केलें तें त्याच्या काळाच्या मानानें थोरच होतें, ह्यांत शंका नाहीं. तथापि छप्पर मिळालें म्हणजे मान मिळालाच असें नव्हे.

ह्याचा पुरावा दूर शोधावयास नको. ज्या सेंत-ओनोरे रस्त्यावर हें घर होतें, त्याच रस्त्यावरील एका मोठ्या वाड्यांत १४२५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत एक खेळ झाला. चार अंधांस चिलखतें घालून व हातांत सोटे देऊन एका डुकराबरोबर आवारांत सोडलें, आणि जो त्यास मारील त्यास तें डुकर मिळेल असें ठरविलें. डुकरावर पडण्याऐवजीं सोटे एकमेकांवरच पडले, आणि पाहणारे पोट धरधरून हंसले. त्या काळच्या एका पॅरिसवासी माणसानें आपल्या रोजनिशींत ही हकीकत नमूद करून ठेविली आहे. जे हंसले तेहि रविवारीं मिस्सेस जाणारे लोकच होते.

तीनशें सेहेचाळीस वर्षांनीं, म्हणजे १७७१ सालीं, पॅरिसच्या सेंत-ओव्हिद जत्रेंत तसाच एक तमाशा झाला. एका कॉफीगृहाच्या मालकानें कांहीं अंधांस लांब झगे व उंच टोप्या घालून, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे चष्मे लावून, पुढें गाण्याचे कागद उघडून ठेवून वाद्यें वाजवावयास बसविलें. वाचतां येत नसलेल्यांपुढें वाचावयाचे कागद, हाच त्यांतला विनोद. गर्दी लोटली. त्या गर्दींत व्हालांतँ आउई नांवाचा एक तरुण होता. हा पिकार्दी प्रांतांतील एका विणकराचा मुलगा. स्फटिकशास्त्राचा पाया घालणारे विख्यात धर्मगुरु रने-जुस्त आउई हे त्याचे थोरले बंधु. सर्व लोक हंसत असतां ह्या गृहस्थास लाज वाटली, आणि ह्यांस खरोखरच वाचावयास शिकवावें असें त्याच्या मनानें घेतलें. पुढें त्यानें स्वतःच तसें लिहून ठेविलें आहे.

ती इच्छा फळास येण्यास तेरा वर्षें लागलीं. १७८४ सालीं व्हिएन्नाची अंध पियानोवादक मारिया तेरेझिया फॉन पाराडिस पॅरिसला आली. तिला टांचण्यांनीं टोंचून केलेलीं अक्षरें बोटांनीं वाचतांना आउईनें पाहिलें. त्याच सालीं सें-जेर्में-दे-प्रे ह्या देवळाच्या दारीं भीक मागणारा फ्रान्स्वा लस्यूर नांवाचा अंध मुलगा त्यास भेटला. हा मुलगा भिक्षेवर आपलें कुटुंब पोशीत होता. तो शिकावयास बसला तर घरचे काय खाणार? आउईनें त्याची बुडालेली भिक्षा स्वतःच्या पदरांतून भरून देण्याचें कबूल केलें, तेव्हां शिक्षण सुरू झालें. अंधांच्या शिक्षणाच्या इतिहासांतील ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शाळा फुकट असली म्हणजे गरीबाचें मूल शाळेंत येतेंच असें नाहीं. त्याच्या न येण्यानें घरांत काय येत होतें हेंहि पाहावें लागतें.

कागदावर उठावाचीं मोठीं अक्षरें छापून तीं बोटांनीं वाचावयाचीं, ही आउईची पद्धति. १७८५ सालीं त्याची शाळा उघडली. १७८६ सालच्या नाताळांत मुलांनीं व्हर्साय येथें राजाराणीसमोर वाचून दाखविलें. पुढें राज्यक्रांति झाली व त्या वादळांत शाळेची पुष्कळ आबाळ झाली. खुद्द आउई त्या काळांत ख्रिस्तसभा सोडून एका नव्या पंथाच्या नादीं लागला, आणि १८०२ सालीं त्यास शाळेंतूनहि काढण्यांत आलें. तो रशियांत गेला व तेथेंहि त्यानें अंधांची शाळा काढली. म्हातारपणीं तो पॅरिसला परतला, आणि १८२१ सालीं त्याच्या जुन्या शाळेनें गायनवादन करून त्याचा सत्कार केला. पुढच्याच सालीं तो वारला. पंथाच्या नादीं लागला म्हणून त्याचें ऋण कमी होत नाहीं.

त्या सत्कारप्रसंगीं शाळेंत लुई ब्रेल नांवाचा बारा वर्षांचा मुलगा होता. त्याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजीं पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या कूव्रे ह्या खेड्यांत झाला. बाप घोड्यांचे खोगीर व चामड्याचें सामान करणारा. तीन वर्षांचा असतां बापाच्या कारखान्यांत अणकुचीदार हत्यार डोळ्यांत लागून एक डोळा गेला. त्याचा विकार दुसऱ्या डोळ्यांत पसरला व पांच वर्षांचा होतो न होतो तोंच मुलगा पूर्ण अंध झाला. पण त्या घरानें त्यास कोपऱ्यांत बसविलें नाहीं. बापानें लांकडाच्या फळीवर खिळे ठोकून त्यास अक्षरांचे आकार शिकविले. गांवचे धर्मगुरु पालुई ह्यांनीं त्यास जवळ घेऊन शिकविलें, आणि त्यांच्या शब्दावरून गांवच्या शाळामास्तरानें त्यास इतर मुलांबरोबर वर्गांत बसविलें. अंध मुलानें गांवच्याच शाळेंत, शेजारच्या मुलांच्या बाकावर बसून शिकावें, ह्याचा आज मोठ्या परिषदांतून पुरस्कार होतो. एका खेड्यांतील धर्मगुरूनें व मास्तरानें तें दोनशें वर्षांमागें करून दाखविलें. फेब्रुवारी १८१९ मध्यें लुई पॅरिसच्या शाळेंत दाखल झाला.

ही शाळा त्या वेळीं सें-फिर्में ह्या जुन्या इमारतींत भरे. आपल्या वाचकांस त्या इमारतीविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. संत विन्सेंट द पॉल ह्यांनीं १६२५ सालीं आपल्या मिशनसंघाची स्थापना केली ती ह्याच घरांत, आणि राज्यक्रांतीच्या दंगलींत सप्टेंबर १७९२ मध्यें ज्या धर्मगुरूंची कत्तल झाली त्यांतील बरेच जण ह्याच घरांत मारले गेले. जागा अशी पुण्यवान. पण भिंती ओलसर, जिने अंधारे व हवा कोंदट. ब्रेलला पुढें क्षय जडला. त्या ओलीचा त्यांत वांटा असावा.

शाळेंत वाचावयास आउईच्या पद्धतीचीं पुस्तकें होतीं, पण तीं अगदीं मोजकीं. एकेक अक्षर एवढें मोठें कीं, बोट त्याच्याभोंवतीं फिरवून तें ओळखावें लागे. ओळीच्या शेवटास यावें तों आरंभ विसरावा. आणि मुख्य अडचण अशी कीं, तीं अक्षरें अंधास स्वतःच्या हातानें सुखासुखीं लिहितां येत नव्हतीं. ज्यास फक्त वाचतां येतें त्यास दुसऱ्यानें दिलेलें वाचावें लागतें. स्वतःचा हिशेब, स्वतःचें पत्र, स्वतःचें गाणें त्यास कागदावर उतरवितां येत नाहीं.

१८२१ सालीं शार्ल बार्बिए नांवाच्या एका निवृत्त तोफखाना-अधिकाऱ्यानें शाळेस एक नवी युक्ति कळविली. काळोखांत सैनिकांस निरोप वाचतां यावा म्हणून ती निघाली, असें सर्वत्र सांगतात. बार्बिएचें खरें लक्ष ज्यांस शाळेचें तोंड दिसत नाहीं अशा गरीब लोकांकडे होतें. उठावाच्या रेषांऐवजीं उठावाचे ठिपके, ही ती युक्ति. दोन रांगा, प्रत्येकींत सहापर्यंत ठिपके, आणि त्यांवरून शब्दाचा उच्चार ओळखावयाचा. मुलांच्या बोटांस ठिपके लागलीच समजले. परंतु त्यांत शुद्धलेखन नव्हतें, विरामचिन्हें नव्हतीं, आंकडे नव्हते, गाण्याचे स्वर नव्हते. आणि बारा ठिपक्यांची खूण बोटाच्या टोकाखालीं एकदम मावत नव्हती. विद्यार्थी ब्रेलनें ह्या अडचणी बार्बिएपुढें मांडल्या. त्या वयोवृद्ध गृहस्थास त्या पटल्या नाहींत. अंधांकरितां एवढी खटपट केल्यावर एका अंध पोरानेंच चुका काढाव्या, हें त्यास जड गेलें असल्यास नवल नाहीं. देणाऱ्यास घेणाऱ्याचें बोलणें ऐकण्याची संवय नसते.

ब्रेलनें मग स्वतःच काम हातीं घेतलें. रात्रीं व सुट्टींत घरीं बसून, कागदावर टोंचणीनें ठिपके पाडून व पुसून, त्यानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, आपली लिपि बहुतेक पुरी केली. बारांचे सहा ठिपके झाले. तीन उभे, तीन त्यांच्या शेजारीं. बोटाचें टोक एकदां ठेविलें कीं सारें अक्षर कळावें, एवढाच आकार. सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात. पहिलीं दहा अक्षरें वरच्या चार ठिपक्यांतून. पुढचीं दहा तींच, फक्त खालचा डावा ठिपका जास्त. त्यांच्या पुढचीं खालचे दोन्ही ठिपके घालून. म्हणजे दहा खुणा पाठ झाल्या कीं बाकीच्या आपोआप येतात. १८२९ सालीं ती पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या नांवांतच शब्द, संगीत व देवळांतील साधें लॅटिन गायन हीं तिन्ही ठिपक्यांनीं लिहिण्याची रीत असा उल्लेख आहे. ब्रेल स्वतः पॅरिसच्या देवळांत ऑर्गन वाजवीत असे. मिस्सेचें गायन अंधास कसें वाचतां येईल हा त्याचा रोजच्या पोटापाण्याचा व भक्तीचा प्रश्न होता. त्या लिपीच्या बळावर त्या शाळेंतून पुढें ऑर्गनवादकांची एक परंपराच निर्माण झाली. पॅरिसच्या प्रधान देवळांत, नोत्र-दाममध्यें, १९०० पासून १९३७ पर्यंत ऑर्गन वाजविणारा लुई व्हिएर्न हा जवळजवळ अंध होता व त्याच शाळेचा विद्यार्थी होता; तो ऑर्गनवर बसला असतांच वारला. आपल्या गायनमंडळांतील बंधुभगिनींस हें ऐकून बरें वाटेल.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळ पुस्तकांत सांपडते. पुढची सांगावयास लेखक जरा संकोचतात.

मुलांनीं ही लिपि आनंदानें घेतली. शाळेचे मुख्य पिन्ये ह्यांनीं तिला आश्रय दिला. १८३७ सालीं तींत फ्रान्सचा संक्षिप्त इतिहास तीन भागांत निघाला. पण १८४० सालीं पिन्ये ह्यांस काढून त्यांच्या जागीं द्युफो नांवाचे त्यांचे सहकारी आले, आणि त्यांनीं शाळेंत ही लिपि बंद केली. जुनीं पुस्तकें जाळण्यांत आलीं असेंहि सांगतात. द्युफो दुष्ट होते असें कोणी समजूं नये. अंधांचें शिक्षण हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, अंधांस निराळी लिपि दिली तर ते समाजापासून निराळे पडतील. शिक्षकांस ती वाचतां येणार नाहीं, आईबापांस येणार नाहीं. जगाचीं अक्षरें तींच अंधाचीं अक्षरें असावींत, म्हणजे तो जगांत सामावेल.

हें म्हणणें ऐकावयास किती गोड आहे! अंधांस वेगळें पाडूं नये, सर्वांबरोबर घ्यावें, हेंच आजहि आपण म्हणतों. मग द्युफो कोठें चुकले? मला वाटतें, सर्वांबरोबर घेणें ह्याचा अर्थ त्यांनीं सर्वांसारखें करणें असा घेतला. ज्या अक्षराचा आकार डोळ्यासाठीं बनला तें बोटानें वाचावें, हा समानतेचा देखावा झाला. त्यांत सोय होती ती पाहणाऱ्या शिक्षकाची. लंगड्यास कुबडी नाकारून, सारे दोन पायांवर चालतात म्हणून तूंहि चाल, असें म्हणण्यापैकींच तें होतें. आणि वाचणाऱ्या मुलांस कोणीं विचारलें नव्हतें.

ब्रेलनें ह्यावर वाद घातल्याचें दिसत नाहीं. तो स्वभावानें मवाळ होता व क्षयानें थकलाहि होता. परंतु आक्षेपांत जेवढें खरें होतें तेवढ्याचें उत्तर त्यानें १८३९ सालींच करून ठेविलें होतें. ठिपके मांडून नेहमींच्या अक्षराचा आकार काढण्याची एक दुसरी रीत त्यानें बसविली, ती अशाकरितां कीं, अंधानें लिहिलेलें पत्र घरच्या डोळस माणसांस वाचतां यावें. पुढें त्या रीतीनें भराभर लिहिण्याचें यंत्र त्याचा अंध मित्र पिएर फूको ह्यानें तयार केलें. आणि हा फूको राहात होता कोठें? संत लुई राजाच्या 'पंधरा विसा' घरांत. ज्या घरचे लोक कटोरा घेऊन फिरत, त्या घरांत आतां लिहिण्याचें यंत्र बनलें.

इकडे शाळेंत मुलें बंदी असतांहि ठिपके टोंचीतच होतीं. दिवसा गुरुजींचीं अक्षरें व रात्रीं आपलीं. अखेर द्युफोंचे दुय्यम जोझेफ गादे ह्यांनीं मुलांचें हित कशांत आहे हें ओळखून आपल्या वरिष्ठांस वळविलें. २२ फेब्रुवारी १८४४ रोजीं शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगीं, मोठमोठ्या पाहुण्यांसमोर, गादे ह्यांनीं ब्रेलच्या पद्धतीची हकीकत वाचली. मग एका मुलीस मजकूर सांगून तो ठिपक्यांनीं लिहविला, आणि तो बोलला जात असतां जी बाहेर होती अशा दुसऱ्या मुलीकडून तो वाचविला. सभा थक्क झाली. ब्रेल त्या सभेंत हजर होता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, तो वारला. फ्रान्सच्या सरकारनें त्याची लिपि रीतसर मान्य केली ती १८५४ सालीं. शंभर वर्षांनीं, १९५२ सालीं, त्याच्या अस्थि मोठ्या सन्मानानें पॅरिसच्या पँथिऑनमध्यें नेण्यांत आल्या. हातांच्या अस्थि मात्र कूव्रेच्या लोकांनीं आपल्या गांवींच ठेवून घेतल्या.

बाहेर देशींहि हेंच भांडण झालें. इंग्लंडांत अंधांकरितां अनेक डोळस सद्गृहस्थांनीं आपापल्या लिप्या काढल्या होत्या व प्रत्येकास आपलीच उत्तम वाटे. १८६८ सालीं डॉक्टर आर्मिटेज ह्यांनीं, ज्यांची स्वतःची दृष्टि गेली होती, एक मंडळ स्थापिलें. लिप्यांचा निवाडा करणाऱ्यांत एकहि डोळ्यांनीं वाचणारा असूं नये, हा त्याचा नियम. ज्यास बोटांनींच वाचावयाचें त्यानेंच निकाल द्यावा. त्यांनीं ब्रेलची लिपि निवडली. १८७८ सालीं पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेंहि तीच पत्करली. अमेरिकेंत हा झगडा विसाव्या शतकांत कित्येक वर्षें चालला. एकाच गोष्टीकरितां तेथील अंधांस दोन-तीन लिप्या शिकाव्या लागत.

आतां आपल्या ख्रिस्तसभेंतील स्थितीकडे वळूं. १९१७ सालच्या धर्मनियमांप्रमाणें ज्यास शारीरिक व्यंगामुळें वेदीवरील सेवा सुरक्षितपणें वा शोभेलशी करतां येत नसे त्यास धर्मगुरुदीक्षा मिळत नसे. अंधाचा त्यांतच समावेश होई. धर्मगुरु झाल्यावर ज्याची दृष्टि गेली त्यास मात्र परवानगीनें पवित्र मरियेची ठराविक मिस्सा पाठ म्हणतां येई. अशा वृद्ध धर्मगुरूंच्या तोंडची ती मिस्सा एकेकाळीं पुष्कळ देवळांत ऐकूं येत असे. १९८३ सालच्या नव्या धर्मनियमांत दीक्षेच्या प्रतिबंधांतून हा शारीरिक व्यंगाचा मुद्दा गळाला आहे. धर्मभगिनींच्या संघांत ही वाट आधींच मोकळी झाली होती. पॅरिसमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आन बेर्ग्युन्यों ह्या बाईंनीं संत पॉलच्या भगिनींचा जो संघ स्थापिला, त्यांत अंध स्त्रियांस व्रतस्थ होतां येऊं लागलें. पोलंडमध्यें रोझा चात्स्का ही सरदारकुळांतील मुलगी १८९८ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं अंध झाली. तिनें ब्रेल लिपि शिकून ती पोलिश भाषेस बसविण्याचें काम केलें, १९१८ सालीं क्रुसाच्या सेविका अशा फ्रान्सिस्कन भगिनींचा संघ काढला, व वॉर्साजवळ लास्की येथें अंधांची मोठी वसाहत उभी केली. तेथें अंध व डोळस भगिनी एकत्र काम करतात. १२ सप्टेंबर २०२१ रोजीं ख्रिस्तसभेनें तिला धन्यवादित म्हणून घोषित केलें. अंधांची सेवा करणारे संत पुष्कळ झाले. ही स्वतः अंध होती, आणि आपल्या लोकांस काय पाहिजे हें तिला कोणी सांगावें लागलें नाहीं. तिच्या संघाच्या भगिनी आपल्या देशांत बंगळुरु येथेंहि अंध मुलांत काम करतात.

आपल्या देशांत अंधांच्या शाळांचा आरंभ मिशनरी स्त्रियांनीं केला. त्या प्रॉटेस्टंट होत्या हें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. १८८७ सालीं अमृतसर येथें मिस शार्प ह्यांनीं पहिली शाळा काढली. मुंबईंत दुष्काळानें गांजलेल्या मुलांत अंध मुलें पाहून अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनीं १९०० सालीं शाळा उघडली. ती पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९०२ सालीं व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा निघाली. ती ताडदेवास आहे.

पण लिपीचा घोळ येथेंहि चुकला नाहीं. ज्याला जसें सुचलें तसें त्यानें देशी भाषांस ठिपके बसविले. एका शाळेंतील मुलास दुसऱ्या शाळेचें पुस्तक वाचतां येईना. स्वातंत्र्यानंतर, १९४९ सालीं, आपल्या सरकारनें हा प्रश्न युनेस्कोकडे नेला. तेथें हें काम क्लूथा मॅकेंझी ह्यांच्याकडे आलें. हे न्यूझीलंडचे सैनिक. १९१५ सालीं गॅलिपोलीच्या लढाईंत त्यांची दृष्टि गेली होती. फेब्रुवारी १९५१ मध्यें बेरूत येथें परिषद भरली, आणि त्याच सालीं भारती ब्रेल मान्य झालें. मराठी, हिंदी, तामीळ, बंगाली, सर्वांस एकच खूण. बोटास 'क' लागला कीं तो सर्वत्र 'क'च.

मराठीचा ठिपक्यांतील संसार पाहण्याजोगा आहे. आपण पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधीं काढतों व मागून उच्चारतों. ब्रेलमध्यें जसा उच्चार तसा क्रम, म्हणून 'कि' मध्यें क आधीं व इ मागून. काना, मात्रा, वेलांटी अशीं निराळीं चिन्हें नाहींत. स्वराचें पूर्ण अक्षरच व्यंजनामागें येतें. 'येशू' हें नांव चार घरांत लिहितां येतें: य, ए, श, ऊ. आणि जो आपल्या मराठीचा लाडका 'ळ', त्यास उजवीकडच्या रांगेंतले तिन्ही ठिपके मिळाले आहेत.

अक्षर हातीं आल्यावर पुढची मागणी आली ती नोकरीची, पुस्तकाची व मताची. १९५२ सालीं मुंबईंत राष्ट्रीय अंध संघाची स्थापना झाली. पुष्कळ वर्षें अंधांस खुर्च्या विणणें किंवा गाणें एवढेंच योग्य, असा समज होता. १९९५ सालच्या कायद्यानें सरकारी जागांत शेंकडा तीन अपंगांकरितां व त्यांतील एक अंध व अल्पदृष्टींकरितां राखून ठेविली. पण जागा मोजावयाच्या कशा, ह्यावरच खात्यांनीं घोळ घातला. कित्येक वर्षें भांडल्यावर अंधांच्याच एका संस्थेनें ऑक्टोबर २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळविला. २०१६ सालच्या कायद्यानें तें प्रमाण शेंकडा चार केलें. पुस्तकांच्या बाबतींत २०१२ सालीं कायदा बदलला व छापील पुस्तक अंधांकरितां ब्रेलमध्यें वा ध्वनिरूपानें करण्यास मालकाची परवानगी लागेनाशी झाली. पुढच्या वर्षीं मराकेश येथें ह्याच हक्काचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ सालीं तो सर्वांआधीं कायम करणारें राष्ट्र भारत होतें. मतदानयंत्रावर उमेदवाराच्या जागेशेजारीं आतां ब्रेलचे आंकडे असतात. सोबत मनुष्य नेण्याची मुभा अंधास आहे. पण बटण कोणतें हें त्याच्या बोटास कळतें, आणि त्याचें मत त्याच्यापाशींच गुप्त राहूं शकतें.

२०११ सालच्या शिरगणतींत आपल्या देशांत दृष्टीचें अपंगत्व असलेलीं सुमारें पन्नास लाख माणसें नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं पुष्कळांच्या हातीं अजून एकहि ब्रेल पुस्तक गेलेलें नाहीं. आतां बोलणारे फोन व संगणक आले, तेव्हां ठिपके कशाला, असें म्हणणारे सद्गृहस्थहि निघाले आहेत. ऐकून माहिती मिळते हें खरें. पण शुद्धलेखन, हिशेब व गाण्याचे स्वर कानानें वाचतां येत नाहींत, हें अंध शिक्षक पुन्हा पुन्हा सांगत असतात. द्युफोंच्या शाळेंतील मुलांनींहि हेंच सांगितलें असतें.

शेवटीं अगदीं अलीकडची एक हकीकत. मध्य प्रदेशांत न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या नियमांत अंध व अल्पदृष्टि उमेदवारांस वगळलें होतें. एका उमेदवाराच्या आईनें देशाच्या सरन्यायाधीशांस पत्र लिहिलें. न्यायालयानें तें पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतलें, आणि ३ मार्च २०२५ रोजीं तो नियम रद्द करून, केवळ दृष्टि नाहीं म्हणून कोणासहि न्यायाधीशाच्या जागेस अपात्र ठरवितां येणार नाहीं असा निकाल दिला.